बर्फ बदलला की बोर्ड बदलायचा का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात फ्रीराइड, म्हणजे आखलेल्या वाटांबाहेरच्या बर्फावर चालवायच्या, स्नोबोर्डाची तोंडओळख करून दिली होती: पुढचं टोक रुंद आणि वर उचललेलं, मागचं थोडं निमुळतं आणि ताठ, पाय बांधायची जागा मध्यापासून जराशी मागे सरकवलेली. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेक किनाऱ्यावरूनच, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत. कुठल्या बर्फात हा बोर्ड कसा वागतो, हे सगळ्यांनाच हवं आहे. पण घरी आणलेल्या बोर्डाचं खाऱ्या हवेत काय करायचं, हा प्रश्न मनालीच्या दुकानदाराला कधी पडत नाही. म्हणून त्याला इथे ऐसपैस जागा दिली आहे.

प्रश्न : दोन हिवाळे सोलंग आणि औलीला भाड्याच्या बोर्डावर शिकलो. दोन्ही बाजूंची वळणं जमतात. आता एकच बोर्ड विकत घेऊन गुलमर्गला न्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, "फ्रीराइड घ्या, सगळ्या बर्फावर चालतो." खरंच चालतो का? वजन ७६ किलो, उंची १७४ सें.मी., बूट यूके ९.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालतो. सगळीकडे सारखा चालत नाही, तेवढं सांगायचं दुकानदारानं शिल्लक ठेवलं.

ताज्या, कोरड्या, भुसभुशीत बर्फात, म्हणजे पावडरमध्ये, हा बोर्ड खुलतो. नाक, म्हणजे पुढचं टोक, उचललेलं असल्यानं ते बर्फात न घुसता वर चढतं. शेपटी, म्हणजे मागचं टोक, नाकापेक्षा साधारण ५ ते १५ मि.मी. अरुंद असते, म्हणून ती थोडी खाली बसते आणि नाक आपसूक वर राहतं. त्यात पाय २ ते ४ सें.मी. मागे बांधलेले. त्यामुळे गुडघाभर बर्फातही सारखं मागच्या पायावर रेलावं लागत नाही. दोन्ही टोकं सारखी असलेल्या बोर्डावर एवढं तरंगायला ४-५ सें.मी. जास्त लांबी लागते. मात्र वेग हवा. पावडरमध्ये बोर्ड वेगावर तरंगतो. घाबरून मध्येच आडवा केलात की कंबरेपर्यंत रुतलात, आणि तिथून उठणं हा दहा मिनिटांचा व्यायाम आहे.

दुपारपर्यंत त्याच पावडरची इतरांनी वाट लावलेली असते. कुठे मऊ ढीग, कुठे उघडा पडलेला टणक थर. लवचीक बोर्डाचं नाक प्रत्येक ढिगाला दबतं आणि भलतीकडे वळतं. ताठ फ्रीराइड ढीग कापत सरळ जातो. गुडघे सैल ठेवा, वळणं कमी आणि लांब घ्या. आमचं मत विचाराल तर या बोर्डाचे पैसे इथेच वसूल होतात. अस्पर्श पावडर सकाळचा तास-दोन तास मिळते, तुडवलेला बर्फ पुढचे चार दिवस.

मशिननं दाबलेल्या सपाट उतारावर पायाखालची कमान कामाला येते. बोर्ड फरशीवर ठेवून बघा: पायांमधला भाग काही मिलिमीटर वर राहतो. तुम्ही उभे राहिलात की ही कमान दबते आणि वजन दोन्ही टोकांकडच्या एजवर पोचतं. एज म्हणजे तळाच्या कडेला बसवलेली स्टीलची पट्टी, पकड तिचीच. लांब वळणं त्यामुळे फार छान निघतात. छोटी, झटपट वळणं मात्र मेहनतीची, कारण बोर्डाच्या कडा मध्ये आत वळलेल्या असतात त्या वळणाची त्रिज्या बहुधा ८ मीटर किंवा जास्त असते. आणखी एक खोड म्हणजे शेपटी अरुंद असल्यानं वळण संपताना ती लवकर सुटते. वळणाच्या शेवटी मागच्या पायानं ढकलायची सवय असेल तर बोर्ड बाहेर घसरेल. दोष बोर्डाचा समजून परत करायला जाऊ नका. पुढच्या पायावर वजन ठेवून वळण सुरू करा, घसरणं थांबेल.

वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ बर्फ असेल, तर कुठलाच बोर्ड नीट चालत नाही. आमचा चालतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून मेणबत्तीसुद्धा घेऊ नये. वळणाच्या मध्यात एज पापुद्रा फोडून आत जाते, अडकते, आणि तुम्ही पुढे फेकले जाता. वजन दोन्ही पायांवर सारखं, बोर्ड शक्य तितका सपाट, वळायच्या आधी छोटीशी उडी घेऊन वजन काढून घ्यायचं. त्याहून बरं म्हणजे सावलीतला उतार शोधणं. ऊन लागून वितळलेला थर रात्री गोठला की पापुद्रा होतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी बिघडतात. वाऱ्यानंही पापुद्रा धरतो, तो उघड्या धारेवर.

टणक आणि ओल्या बर्फाबद्दल पुढे देवगड आणि मालवणच्या पत्रांत सविस्तर आहे. उलटं चालवणं आणि उड्यांचं मैदान या दोन ठिकाणी मात्र फ्रीराइड कमीच पडणार. तुमचा जीव त्यात असेल तर दुसरा बोर्ड बघा.

तुमच्यासाठी बोर्डाची लांबी १५७ ते १६० सें.मी., बोर्डाच्या कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी २५.४ ते २५.८ सें.मी., ताठरता दहापैकी ६ किंवा ७. भाड्याचे बोर्ड बहुधा मऊ असतात. त्यावरून थेट ८-९ वर गेलात तर चूक माफ होणार नाही. ताठरतेचा आकडा प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. लांबी उंचीवरून न ठरवता कंपनीच्या वजनाच्या तक्त्यावरून ठरवा. आणि घेण्याआधी गुलमर्गच्या बाजारात फ्रीराइड एक दिवस भाड्यानं घेऊन बघा.

प्रश्न : बोर्ड फ्रीराइडच आहे, तरी पावडरमध्ये नाक बुडतं. मागची मांडी अर्ध्या तासात भरून येते. सपाट भागात तर थांबतोच.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारी पकड, कुठे बसवलंय ते बघा. बऱ्याच दुकानांत सवयीनं ते बरोबर मध्यावर बसवून देतात आणि मग फ्रीराइडचा अर्धा फायदा तिथेच जातो. बोर्डाच्या वरच्या बाजूला, स्क्रूच्या भोकांजवळ, कंपनीनं खूण केलेली असते. ती मूळ जागा. दोन्ही बाइंडिंग त्या खुणेवर आणा. मोठी बर्फवृष्टी झालेल्या दिवशी दोन्ही एकेक भोक मागे घ्या. भोकं २ सें.मी. अंतरावर असतील तर एक भोक पुरे. अंतर ४ सें.मी. असेल तर भोक न बदलता बाइंडिंगच्या चकतीतल्या भोकांनी सें.मी.-दीड सें.मी. मागे सरकवा. फक्त मागचं सरकवू नका, पाय फाकतात आणि गुडघा दुखतो.

कोनही बघा. पुढचा पाय +१८ ते +२१ अंश, मागचा शून्य ते +६ हा फ्रीराइडसाठी आरामाचा कोन आहे (+ म्हणजे बोटं नाकाकडे वळलेली, − म्हणजे शेपटीकडे). बदकासारखे दोन्ही पाय बाहेर वळवून चालवायची सवय असेल तर मागचा −६ पर्यंत ठीक.

एवढं करूनही नाक बुडत असेल तर वेग कमी पडतोय किंवा बोर्ड तुमच्या वजनाला आखूड आहे. वळताना एज फार उभी करू नका. पावडरमध्ये बोर्ड थोडाच कलता करायचा आणि दोन्ही पायांनी मिळून दाबायचा.

सपाट भागाला इलाज आधीच करायचा असतो. गुलमर्गच्या खालच्या जंगलात असे पट्टे आहेत. स्कीवाल्याकडे काठ्या असतात, तुमच्याकडे नाहीत. दोन वळणं आधीच एज सोडून बोर्ड सपाट करा आणि वेग घेऊन या. थांबलातच, तर खोल बर्फात दोन्ही पाय सोडू नका. मागचा एकच सोडा, नाहीतर मांडीपर्यंत आत जाल.

प्रश्न : आदल्या दिवशी लोण्यासारखा चाललेला बोर्ड दुसऱ्या दिवशी सकाळी खडखडत होता. टाचेवर वळायला गेलं की सरळ खाली घसरत होतो. एका रात्रीत असं काय झालं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मऊ बर्फाचा टणक, गोठलेला बर्फ झाला. दिवसा वितळलेला, दाबला गेलेला थर रात्री गोठला. गुलमर्गला जानेवारीच्या रात्री तापमान उणे ८-१० पर्यंत सहज जातं. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडक थंडीचे चाळीस दिवस, त्यात तर हे रोजचंच. पावडरमध्ये एज बोथट असली तरी कळत नाही. टणक बर्फावर पहिल्याच वळणाला कळतं. एज चाचपायची सोपी रीत अशी: अंगठ्याचं नख एजवर आडवं ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर नाही. टाचेकडची आणि चवड्याकडची, दोन्ही बघा. खडकावर घासलेली असेल तर बोटाला खरखरीत दाणे लागतील.

धार घरी काढता येते. लागेल ते असं: कोन पकडणारं गाइड, बारीक दातांची कानस, २०० आणि ४०० नंबरचे डायमंड स्टोन, रबराचा घासणीचा ठोकळा, एक मार्कर पेन. बोर्ड टेबलावर घट्ट बसवा. ओल्या २०० च्या स्टोननं आधी खडकाचे दाणे आणि गंज काढा. घासल्यामुळे ते स्टील कठीण झालेलं असतं, थेट कानस लावलीत तर कानसच बोथट होते. मग एजच्या उभ्या बाजूला मार्करनं काळं फासा. गाइड ८९ अंशांवर ठेवा; टणक बर्फावरच जास्त चालवणार असाल तर ८८. कानस नाकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं, लांब फेरीत ओढा. मार्करची शाई सगळीकडून सारखी गेली की थांबा, बहुधा तीन-चार फेऱ्यांत जाते. कुठे शाई राहिली तर तिथे कानस टेकत नाहीये. जोर वाढवू नका, गाइड नीट बसवा. शेवटी ४०० चा स्टोन, आणि कोपऱ्यावर राहिलेली बारीक लव रबरानं एकदाच हलकी पुसून घ्या. रबर जास्त घासलंत की काढलेली धार गेली.

नाक आणि शेपटीकडे, जिथे एज जमिनीपासून वर उचलायला लागते तिथून पुढचे ४-५ सें.मी. मुद्दाम बोथट ठेवा. नाहीतर बोर्ड नको तिथे पकडेल आणि आपटवेल.

तळाच्या बाजूच्या कोनाला घरी हात लावू नका. तो एकदा वाढला की पूर्ण तळ मशिनवर घासून घेतल्याशिवाय परत येत नाही, आणि ती मशिन आपल्याकडे गल्लोगल्ली नाहीत.

इतकं करूनही निळसर, आरपार चकाकणाऱ्या बर्फावर फ्रीराइड घसरेलच. तिथे वळण पूर्ण करायचा हट्ट सोडून बोर्ड आडवा, उताराच्या वरच्या बाजूच्या एजवर जेमतेम टेकवून घसरत पार व्हा आणि पुढच्या मऊ पट्ट्यात वळा. खरा उपाय घड्याळात आहे. दहा-साडेदहापर्यंत चहा प्या, ऊन लागू द्या.

प्रश्न : मार्चमध्ये गेलो होतो. सकाळी मस्त, दुपारी एकनंतर बोर्डाला कुणी मागून धरल्यासारखं व्हायचं. एकदा तोंडावर पडलो. आई म्हणता, "ह्यां फळकूट घेवन तू काय करतलंस?" आता वॅक्स (तळाला मेण लावणं) घरी करायचं आहे, कपड्यांची इस्त्री चालेल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आईंना सांगा, फळकूट बरं आहे, वॅक्स चुकीचं आहे.

वसंतातला बर्फ सकाळी गोठलेल्या दाण्यांचा असतो. वरचे दोन-तीन सें.मी. सुटे झाले की दोनेक तास तो अप्रतिम चालतो. त्यानंतर पाणी वाढतं. बोर्डाच्या तळाखाली पाण्याचा पातळ थर नेहमीच असतो आणि त्यावरच तो घसरतो. पण तो जाड झाला की दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तसा तळ बर्फाला धरतो. त्यातही सावलीतून उन्हात येताना हा झटका बसतो, कारण बर्फ तिथे एकदम बदलतो. अशा जागी गुडघे थोडे जास्त वाकवा आणि वजन किंचित मागे घ्या.

ओल्या बर्फाला मऊ, पाणी झटकणारं, साधारण उणे ४ च्या वरच्या तापमानाचं वॅक्स हवं. कडाक्याच्या थंडीत उलट: बर्फाचे कण टोकदार आणि कठीण असतात, मऊ वॅक्समध्ये रुततात, म्हणून तेव्हा कठीण वॅक्स. दोन वड्या जवळ ठेवा, एक सर्व तापमानाची आणि एक गरम हवेची. जानेवारीत सर्व तापमानाची चालते, उणे १२ च्या खाली ती थोडी जड वाटेल इतकंच. फ्लोरिनवाल्या महागड्या वॅक्सच्या मागे लागू नका. २०२३-२४ च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही त्यावर बंदी आहे.

कपड्यांची इस्त्री नको. तिचं तापमान वरखाली होत राहतं आणि वाफेची भोकं वॅक्सनं भरतात ते वेगळंच. त्या इस्त्रीनं मग शर्ट करून बघा. वॅक्सची सपाट तळाची इस्त्री घ्या, सर्व तापमानाच्या वॅक्सला १२० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. धूर निघाला तर जास्त तापली.

बाइंडिंग काढा किंवा स्क्रू सैल करा, म्हणजे तळाला स्क्रूपाशी खळगे पडणार नाहीत. तळ ब्रशनं आणि कोरड्या कापडानं स्वच्छ करा. वडी इस्त्रीला टेकवून थेंब टाकत जा. एका बोर्डाला १५ ते २० ग्रॅम पुरतं. मग इस्त्री नाकाकडून शेपटीकडे हळू पण न थांबता फिरवा. मागे ५ ते ८ सें.मी. ओलसर चकाकी राहिली की वेग बरोबर. बोर्डाच्या वरच्या बाजूला हात लावा, कोमट लागला की थांबा. चटका बसत असेल तर आतला डिंक मऊ होतोय. तासभर थंड होऊ द्या. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, अगदी काही उरलं नाही असं वाटेपर्यंत, आणि नायलॉनच्या ब्रशनं नाकाकडून शेपटीकडे घासा. लोक इथेच कंजुषी करतात, वॅक्स ठेवून देतात. वर राहिलेलं वॅक्स घसरत नाही, मुरलेलं घसरतं. ओल्या बर्फासाठी ब्रश जास्त वेळ मारा. तळावरच्या बारीक रेषा मोकळ्या झाल्या की पाणी त्यांतून निघून जातं.

तळ एजलगत पांढरट, कोरडा, लव आल्यासारखा दिसू लागला की वॅक्सची वेळ झाली.

प्रश्न : काका, इथे पुळणीवर सराव करता येईल का? मित्र म्हणतो, वाळूवर पण बोर्ड चालतो.
— एक वाचक (वय १६), गुहागर

उत्तर : नाही रे बाबा. वाळूच्या टेकड्यांवर चालवायचे बोर्ड वेगळे असतात, त्यांना तळ कडक आणि एज नसते. तुझ्या बोर्डाचा तळ मऊ प्लास्टिकचा आहे. वाळूनं एका दुपारी खरवडून निघेल, आणि खारं पाणी एजला लागलं की संध्याकाळपर्यंत तांबडे ठिपके. शिवाय गुहागरची पुळण सपाट आहे, घसरणार कुठे? घरी फळी आणि तिच्याखाली गोल नळी घेऊन तोल धरायचा सराव कर, भिंतीजवळ. एका पायावर बसून उठणं रोज वाढवत ने. रस्त्यावरचा लांब स्केटबोर्ड असेल तर टाच-चवडा दाबून वळायची सवय त्यावर छान लागते. हेल्मेट घालून.

प्रश्न : माझं वजन ५२ किलो, बूट यूके ४. नवऱ्याचा १५९ चा फ्रीराइड घरात आहे. तोच वापरला तर चालेल का?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नको, ताई. लांबीपेक्षा रुंदी नडेल. तुमचे चवडे आणि टाचा एजपर्यंत पोचणारच नाहीत, त्यामुळे बोर्ड कलता करायला दुप्पट जोर लागेल आणि टणक बर्फावर वळण उशिरा सुरू होईल. बूट दोन्ही बाजूंना सें.मी.-दीड सें.मी. बाहेर यायला हवा. १४५ ते १४९ लांबीचा, कमरेला २४ सें.मी.च्या आतबाहेरचा बोर्ड घ्या. एखाद्या खोल पावडरच्या दिवशी गंमत म्हणून नवऱ्याचा वापरलात तर हरकत नाही.

प्रश्न : चांगला फ्रीराइड बोर्ड आणि हेल्मेट असल्यावर गुलमर्गच्या गंडोल्याच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या वाटेबाहेर उतरायला आणखी काय लागतं?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : बोर्डाचा याच्याशी काहीही संबंध नाही. दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो आणि तिथून उघडे उतार सुरू होतात. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमकी फ्रीराइडवाल्यांना आवडणारी जागा. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वर्षी गुलमर्गजवळ हिमस्खलनात परदेशी स्कीपटूंचे जीव गेले.

प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), घडीची शोधकाठी, धातूच्या पात्याचं फावडं. ट्रान्सीव्हर जाकिटाच्या आत, अंगाला बांधलेला, बॅगेत नाही. मोबाइल त्याच्यापासून निदान २० सें.मी. लांब, शोध घेताना ५० सें.मी., आणि शक्यतो बंद. वस्तू घेतल्यावर मित्रांबरोबर पुरून-शोधून सराव करा. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याच्या शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरतात, तेवढ्या वेळात बाहेरून कुणी येत नाही.

त्या दिवशीची सूचना गुलमर्गच्या स्की पेट्रोलकडून, म्हणजे उतारावरच्या गस्ती पथकाकडून, सकाळीच घ्या, स्थानिक गाइड घ्या, उताराला एका वेळी एकच जण उतरा. बोर्डाखाली पोकळ, ढोलासारखा आवाज आला, "धप्प" करून बर्फ बसला किंवा तडा पुढे पळाला, तर तिथून मागे फिरा. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला लख्ख दिवस सगळ्यांना खुणावतो, आणि धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये बोर्ड कव्हरमध्ये घालून माळ्यावर ठेवला. गणपतीत काढला तर एज तांबडीलाल, बुटांना बुरशी, आणि नाकाशी वरचा थर सुटल्यासारखा. एजला खोबरेल लावून ठेवू का? घर कौलारू, समुद्र दहा मिनिटांवर.
— एक वाचक, दापोली

उत्तर : तीन वेगळे रोग आहेत आणि तिन्ही टाळता येतात.

गंजाची सुरुवात बहुतेक वेळा दापोलीत होत नाही, परतीच्या प्रवासात होते. शेवटच्या दिवशी ओला बोर्ड कव्हरमध्ये जातो आणि दोन-तीन दिवस तसाच राहतो. बाइंडिंगच्या खाली आणि पट्ट्यांत अडकलेला बर्फ वितळून एजला लागतो. हॉटेलवरच बोर्ड पुसा, बाइंडिंग झटका, रात्रभर उभा ठेवून वाळवा, कव्हर उलटं करून वाळवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा कोरडा करा.

मृग लागायच्या आत पावसाळ्याचं वॅक्स करा. बाइंडिंग काढून ठेवा, स्क्रू एका डबीत. एजचा गंज रबरानं काढा. मग वर सांगितल्याप्रमाणे वॅक्स, पण दुप्पट, आणि इस्त्री अशी फिरवा की वॅक्स एजवरून बाहेर सांडेल. खरवडायचं नाही. एज पूर्ण झाकली गेली पाहिजे; उभ्या बाजूला राहिलं असेल तर तिथे वडी नुसती घासा. हा थर दिवाळीनंतर खरवडायचा.

खोबरेल नको. ते पुसलं जातं, खवट होतं, धूळ धरतं, आणि तळावर ओघळलं तर तिथे वॅक्स नीट बसत नाही.

माळा तर मुळीच नको. मे महिन्यात कौलांखाली जी तलखी असते ती थर सोडवायला पुरते, आणि पत्रा असेल तर विचारूच नका. मग त्यावर जून ते सप्टेंबरची ओल. जांभ्याच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका, ती ओल धरते. खोलीतल्या पलंगाखाली, दोन लाकडी पट्ट्यांवर, तळ वर करून आडवा ठेवा, वर काही वजन नको. प्लास्टिकचं कव्हर बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट, आत दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर गुंडाळा. कपाटात ठेवणार असाल तर सिलिका जेलची पाकिटं घाला आणि निळे खडे गुलाबी झाले की ती ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा.

ठेवण्यापूर्वी तळावर बोट फिरवून खोल खाचा शोधा. आतलं लाकूड दिसत असेल तर ती पावसाळ्याआधी बुजवायलाच हवी. लाकूड ओल ओढतं, फुगतं, आणि तिथूनही थर सुटायला लागतात. उथळ खाच प्लास्टिकच्या कांडीनं घरी भरता येते. एजला लागून असेल किंवा लाकूड उघडं असेल तर पूर्ण वाळवून इपॉक्सीनं बंद करा आणि मोसमाआधी कारागिराकडून पक्की करून घ्या.

नाकाशी सुटलेला थर अजून नखाएवढाच असेल तर वाचेल. आत पातळ इपॉक्सी सुरीच्या पात्यानं ढकला, दोन्ही बाजूंना मेणकागद आणि लाकडी ठोकळे लावून शिकंजात हलकं आवळा, चोवीस तास सोडा. आधी आत ओल नाही याची खात्री करा, चार-पाच दिवस पंख्याखाली ठेवलात तर बरं. सुटलेली फट पायाखालच्या भागापर्यंत गेली असेल तर तो बोर्ड उतारावर नेऊ नका.

एजवर नुसता तांबडा लेप असेल तर रबर आणि २०० च्या स्टोननं जाईल. खड्डे पडले असतील तर कानसेनं थोडं स्टील काढावं लागेल, आणि एजला स्टील मोजकंच असतं. दोन-तीन पावसाळ्यांत असंच झालं तर धार काढायला उरणार नाही.

बुटांचा आतला मऊ भाग बाहेर काढा. समप्रमाणात पांढरं व्हिनेगर आणि पाणी घेऊन फडक्यानं बुरशी पुसा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. ऊन नको, आतला फोम आकार सोडतो आणि डिंक सुटतो. नंतर वर्तमानपत्राचे बोळे भरून लेस सैल ठेवा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी बोळे बदला.

प्रश्न : बाइंडिंगचा स्क्रू उतारावर सैल होऊन निघाला. काय लावू?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बहुतेक वेळा काहीच लावायला लागत नाही; ३ नंबरच्या फुली टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरनं, आलटून पालटून समोरासमोरचे, हातानं घट्ट करा. २ नंबरचा वापरलात तर खाच झिजते. फार आवळलंत तर तळाला खळगा पडतो. पहिल्या तासानंतर एकदा परत बघा, थंडीत प्लास्टिक आकसतं. स्क्रू पकडणारा डिंक लावायचाच असेल तर निळा, आणि आधी बाइंडिंगची पुस्तिका वाचा, काही प्लास्टिक त्यानं तडकतं. दोन जादा एम-६ स्क्रू खिशात ठेवा, लांबी मूळ स्क्रूएवढीच. लांब स्क्रू तळ आतून बाहेर ढकलतो.